वकिलांच्या बंगल्यातला पिवळा अनंत

संपादकांनी कळवलं आहे की ‘बागेतल्या गमतीजमती’ लिहून पाठवा. बागेत गमतीजमती नसतात. बागेत शेण असतं, पालापाचोळा असतो, कुजत घातलेली पेंड असते, आणि या सगळ्याचा वास अंगाला लावून घरी आल्याबद्दल बायकोची बोलणी असतात. उभा जन्म मी हेच केलं. तेव्हा गमतीच्या आशेनं कुणी वाचायला बसलं असेल तर त्यानं खुशाल पान उलटावं. पुढं कविता असतीलच.

सोलापुरात एका गिरणीच्या बागेवर मी देखरेखीला होतो. गिरणीला बाग कशाला, असं पाहुणे विचारत. मालकांना भोंग्याच्या आवाजात गुलाब बघायची हौस होती, एवढंच मला ठाऊक. पुण्याला शेतकीचं शिकून आलो होतो, त्यामुळं गावात माझं नाव ‘बागमास्तर’ पडलं. आठवडाभर गिरणीची बाग, आणि रविवारी गावातल्या बंगल्यांतून बोलावणी. कुणाची जास्वंद कळ्या गाळते, कुणाची शेवंती उभीच राहत नाही, कुणाचा क्रोटन रंग सोडतो. माणसाच्या डॉक्टराला निदान रोगी सांगतो तरी, कुठं दुखतं ते. झाड बोलत नाही आणि झाडाचा मालक बोलायचा थांबत नाही, अशा दोघांच्या मधे उभं राहून निदान करायचं.

धंदा थोडक्यात सांगतो. झाडाला खायला लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. काय लागतं आणि किती, हे कुणालाच माहीत नसतं, आणि विचारायची लाज वाटते. शेणखत आणि पेंड घातली की पाला वाढतो. हाडांचा चुरा मुळांना आणि फुलांना उपयोगी पडतो. लाकडाच्या राखेनं खोडात ताकद येते. हे सगळं बेतानं, वेळेवर आणि त्या-त्या झाडाच्या प्रकृतीप्रमाणं. पण आपल्याकडं प्रेम करायचं म्हणजे वाढायचं. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी पानात एक पोळी टाकायचीच. झाड तर ‘पुरे’ही म्हणत नाही.

एका डॉक्टरांच्या दारातला गुलाब मला आठवतो. माणसापेक्षा उंच वाढलेला, पानं तळहाताएवढी, रंग काळपट हिरवा, आणि फूल औषधालासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, काहीतरी कमी पडतंय. मी घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. डॉक्टर स्वतः महिन्याला पेंड घालत. त्यांच्या पत्नी, त्यांना न सांगता, तांदळाचं धुवण आणि ताजं शेण कालवून घालत. आई, दोघांनाही न सांगता, दुधाच्या भांड्यांची विसळ घाली. कंपाउंडर गोठ्यातलं गोमूत्र आणून ओतायचा, कारण डॉक्टरांना गुलाब आवडतो हे त्याला ठाऊक होतं. नुसत्या पाल्याचं खाणं मिळून ते झाड माजलं होतं. भरल्या पोटी झाड फुलाच्या भानगडीत पडत नाही. मी सांगितलं, याला उपास. काहीही घालायचं नाही, बाहेरच्या मुळ्या थोड्या छाटायच्या, पाणीही तोडायचं. घरात सुतक आल्यासारखे चेहरे झाले. आईंनी विचारलं, निदान चतुर्थीला तरी थोडं घालू का? पुढच्या थंडीत झाडाला इतकी फुलं आली की डॉक्टरांनी ती टेबलावर ठेवून रोग्यांना दाखवली, आणि खताचा हा परिणाम बघा म्हणून सांगितलं. मी गप्प बसलो. या धंद्यात गप्प बसायला फार लागतं.

पण आज सांगायचं आहे ते अनंताचं. सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं म्हणा.

स्टेशनच्या बाजूला एका नामांकित वकिलांचा बंगला होता. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत, मीही तेच म्हणतो. फौजदारीत त्यांचा दरारा होता. त्यांच्या उलटतपासणीत माणूस स्वतःच्या बापाचं नाव चुकायचा. हसताना मी त्यांना पाहिलं नाही, आणि पाहिलं म्हणणारा माणूसही मला भेटला नाही. घरात त्यांची आई, मोठ्याबाई. वडील हयात होते, पण दिवसभर माडीवर पोथी घेऊन असत. जेवायला खाली येत, एवढाच त्यांचा घराशी संबंध. दादासाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, दोन-एक वर्षांपूर्वी तापात गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न करा म्हणून सांगायला आलेल्या नातेवाइकांना दादासाहेबांनी असे काही प्रश्न विचारले की ते पुन्हा फिरकले नाहीत.

त्यांच्या बसायच्या खोलीच्या खिडकीसमोर अनंताचं झाड होतं. ते वहिनींनी लावलेलं. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. माहेरपणाहून येताना त्या रोपाबरोबर तांबड्या मातीची पोतीही घेऊन आल्या होत्या. घाट चढवून, गाडी बदलून, माती! स्टेशनवर हमालानं पोतं उघडून बघितलं आणि परत बांधून ठेवलं म्हणे. दादासाहेब त्या वेळी चिडले होते. पण वहिनींना मातीची पारख होती. अनंत हे आंबूस, बिनचुन्याच्या मातीचं झाड. सोलापूरची माती काळी, खाली चुनखडी, आणि विहिरीचं पाणीही चुन्याचं. आमच्याकडं न्हाणीच्या बंबात पांढरा थर धरतो तो सगळ्यांनी पाहिला असेल. तेच पाणी झाडाला जातं. वहिनींनी मोठा खड्डा काढून, त्यात तांबडी माती भरून अनंत लावला आणि तो त्या असेपर्यंत दर उन्हाळ्यात फुलला.

त्या गेल्या, आणि झाड पिवळं पडायला लागलं.

मला बोलावणं आलं तेव्हा घरानं आपले उपाय करून झाले होते. भुईमुगाची पेंड घालून झाली होती, लेंडीखत घालून झालं होतं, दृष्टही काढून झाली होती. दादासाहेबांनी मला खिडकीतूनच झाड दाखवलं. ते म्हणाले, “झाड जगलं पाहिजे. माळ्याच्या हातून होत नसेल तर तसं सांगा. मी पुण्याहून दुसरा आणवतो. दसऱ्यापर्यंत बघतो.” एवढंच. पत्नीचं नाव नाही, काही नाही. जणू अशिलाच्या मिळकतीबद्दल बोलत होते.

माळी होता धर्माण्णा. मैंदर्गीचा. मराठी बोलायचा ती कानडी हेल काढून, आणि मोठ्याबाईंना ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणायचा. वय झालेलं होतं. गोठ्याशेजारच्या खोलीत तो आणि त्याची बायको गंगव्वा राहत. गंगव्वाची दृष्टी गेलेली होती. पण त्या आवारात तिला काठी लागत नसे. विहीर, गोठा, स्वयंपाकघराची मागची पायरी, सगळी पावलं तिला पाठ होती. मोठ्याबाईंची ताकाची रवी ती घुसळायची, निवडणं निवडायची, हातानं खडा शोधायची. धर्माण्णाला काढलं असतं तर त्याला त्या वयात कुणी ठेवलं नसतं, आणि गंगव्वाला परक्या जागी पाण्याचा माठसुद्धा सापडला नसता. हे दोघांनाही माहीत होतं. धर्माण्णा माझ्या मागं-मागं हिंडत होता आणि मी काही विचारलं की आधी टोपी काढायचा.

झाड बघितलं आणि मला निम्मं कळलं. पिवळं पान म्हणजे भुकेलं झाड, एवढंच लोक समजतात. पण पिवळेपणात फरक असतो. नत्र कमी पडलं की जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. झाड म्हाताऱ्या पानातलं काढून कोवळ्या पानाला देतं. लोह कमी पडलं की उलटं. लोह एकदा बसलं की जागचं हलत नाही, म्हणून शेंड्याचं कोवळं पान पिवळं पडतं, आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंताचं तसंच होतं. खालची पानं जरा बरी, वर सगळी हळद. म्हणजे पोट भरलेलं, आणि लोहाचा उपास. बरं, मातीत लोह नाही का? तांबड्या मातीत लोहाशिवाय दुसरं आहे काय! पण चुना वाढला की तेच लोह मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि हात मागं बांधलेले आहेत, तशातली गत. त्यावर वरून पेंड घालणं म्हणजे आणखी वाढणं.

यावर हिराकस चालते. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. रंगारी लोक काळ्या रंगासाठी वापरतात. मी साखर पेठेच्या बाजूला एका तेलुगू रंगाऱ्याकडं गेलो आणि थोडी मागितली. त्यानं विचारलं, किती लुगडी रंगवायची? म्हटलं, एक झाड. त्यानं पुडी बांधून दिली आणि उकळत्या पाण्यात घालू नका म्हणाला, पानं गळतील. त्याचंही बरोबरच होतं.

अगदी पातळ पाणी करून धर्माण्णानं आणि मी ते पानांवर शिंपडलं. पंधरवड्यात शेंडे हिरवे झाले. मोठ्याबाईंनी मला लाडू दिला. दादासाहेबांनी मान हलवली, ही त्यांची शाबासकी. धर्माण्णा दोन दिवस टोपी न काढता बोलला.

मग पुन्हा पिवळं.

पुन्हा शिंपडलं, पुन्हा हिरवं, पुन्हा पिवळं. असं होतं तेव्हा एकच अर्थ असतो. चुना नुसता आहे असं नाही. तो रोज येतोय. मी विहिरीचं पाणी बंद करवलं, पावसाचं पन्हाळीचं पाणी पिंपात धरायला लावलं. फरक नाही. बंगला बांधतानाचा चुना जवळ पुरलेला असेल म्हणून भिंतीकडची बाजू खणली. काही नाही. तोवर दसरा तोंडावर आला. दादासाहेबांनी मला विचारलं, पुण्याला लिहू का? मी म्हटलं, आठवडाभर थांबा. आणि ठरवलं की रविवारी दुपारी लाडू खायला येऊन हे कळणार नाही, सकाळी यावं.

आलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मोठ्याबाई अंगणात रांगोळी घालत होत्या. दाराशी, तुळशीपुढं, आणि मग अनंताच्या आळ्याच्या कडेनं गोल. सुनेच्या झाडाला त्या रोज रांगोळी घालीत, आणि झाड आजारी पडल्यापासून जास्तच मन लावून. स्वस्तिक, कमळ, गोपद्म. हात थरथरायचा तरी रेघ मोडत नसे. मला बघून म्हणाल्या, आज लवकर? आणि आत गेल्या.

मग धर्माण्णा आला. त्यानं केरसुणी घेतली नाही. हातानंच, नवी घालायच्या आधी कडेला सारलेली आदल्या दिवसाची जी रांगोळी होती, दारातली, तुळशीपुढची, ओटीवरची, ती सगळी एका सुपात गोळा केली. चिमटीत न येणारी ओल्या फडक्यानं टिपून घेतली. सूप कपाळाला लावलं. आणि अनंताच्या आळ्यात उलटं केलं. वर पिंपातलं पाणी घालून बोटांनी मातीत मिसळून टाकलं.

रांगोळी म्हणजे काय? कुणी गारगोटीची करतात, पण आमच्याकडं जी बाई डोक्यावर पाटी घेऊन विकायला यायची तिची असायची पांढऱ्या मऊ चुनखडीची, कुटून चाळलेली. म्हणजे सरळ-सरळ चुना. रोज एक सूपभर.

मी त्याला हाक मारून विचारलं, हे कधीपासून?

तो म्हणाला, “वैनीसाब गेल्यापासनं. रांगोळी पायाखाली येऊ नये म्हनतात की. कुटंतरी टाकायचीच. मग म्हनलं, झाड त्येंचं हाय. त्येंच्या पायाशी घालतो, असं समजून घालतो.”

बोलताना तो टोपी काढायला विसरला होता.

मला त्याला सांगायला हवं होतं, आणि ते दाखवूनच सांगणं सोपं होतं. मग मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन एक लिंबू मागितलं. मोठ्याबाईंनी ते स्वतः आणून दिलं, कापूनच. त्यांना वाटलं मला पित्त झालंय. आळ्यातली मूठभर माती मी फरशीवर घेतली आणि वर लिंबू पिळलं. माती फसफसली, चुना असला की फसफसतेच. बुडबुडे आले. मग सुपात उरलेल्या चिमूटभर रांगोळीवर पिळलं. तीही तशीच फसफसली. मग कुंपणाजवळची, वहिनींच्या पोत्यातून उरलेली तांबडी माती होती थोडी, तिच्यावर पिळलं. ती नुसती ओली झाली.

धर्माण्णा आधी ‘व्हय का’ म्हणाला, जणू नवीन काही बघितल्यासारखं. मग एकदम खाली बसला. “म्हंजे मीच मारलं व्हय?” म्हणाला. मी म्हटलं, मेलेलं नाही अजून. पण त्याला ते ऐकू गेलं नाही. तो रडायला लागला. मोठ्या माणसाला रडताना बघणं मला जमत नाही; मला राग येतो. मी त्याच्यावर ओरडलो की ऊठ, माणसं बघतील. उठला नाही.

आता माझी अडचण लक्षात घ्या. दादासाहेबांना कारण सांगायचं होतं, आणि कारण माळी होता. शोध लागला तो नेमका त्याच्याच मुळावर. मी धर्माण्णाला म्हटलं, मी सांगतो जमिनीतच चुना निघाला म्हणून. तू गप्प राहा. माती बदलू, झाड सुधारेल, विषय संपला. हे सोलापुरात कुणालाही पटलं असतं. पण तो ऐकेना. म्हणाला, वैनीसाबांच्या झाडापाशी उभं राहून खोटं बोलणार नाही. मी सांगणार साहेबास्नी, मग काढू द्या, न्हायतर काय बी करू द्या. मी गंगव्वाचं नाव काढलं. तर म्हणाला, तिला मी हाताला धरून नेईन की.

दादासाहेब कोर्टाला निघायच्या बेतात होते. काळा कोट अंगात, समोर कागद, हातात घड्याळ. आम्ही दोघं खोलीत गेलो. मी चुन्याचं सांगितलं, पानांच्या शिरांचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. मग नेमका जो विचारायचा तोच प्रश्न विचारला, की रांगोळी झाडात टाकत कोण होतं.

धर्माण्णानं टोपी काढली आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात आतल्या दारातून मोठ्याबाईंचा आवाज आला. “मी सांगितलं होतं त्याला.”

सकाळपासून त्या दाराआडून आमच्या बोलण्याकडं कान देऊन होत्या हे मला तेव्हा कळलं. सगळं ऐकलं होतं त्यांनी, पायाशी घालतो म्हणाला तेसुद्धा.

दादासाहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. आता जे झालं ते मी कोर्टात कधी बघितलं नाही, कारण कोर्टात मी जात नाही. त्यांनी आईची उलटतपासणी सुरू केली. कधी सांगितलंस? त्या म्हणाल्या, तारीख नाही लिहून ठेवली. कुणाच्या समोर? म्हणाल्या, देवाच्या. इतके दिवस झाड सुकत होतं तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाल्या, मला काय ठाऊक त्यानं सुकतं ते, तुला तरी ठाऊक होतं का? धर्माण्णा मधेच ‘न्हाय अव्वा’ म्हणून पुढं सरकला, तर त्यांनी त्याच्याकडं असं काही बघितलं की तो होता तिथं उभा राहिला.

मग त्या खोलीत आल्या. दादासाहेबांच्या बसायच्या खोलीत त्या सहसा येत नसत. म्हणाल्या, “रांगोळी माझी. झाड माझ्या सुनेचं. तो नुसता हात. माणूस काढायचं असेल तर मला काढ.”

दादासाहेबांच्या तोंडून पुढचा प्रश्न निघेना, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. घड्याळ उचललं, कागद उचलले, आणि टांग्यात जाऊन बसले. पुण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

धर्माण्णा फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. त्याला वेगळीच काळजी लागली होती. अव्वानं आपल्याला कधीच सांगितलं नव्हतं, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मग विचारलं, त्येंना पाप लागंल काय हो? मी म्हटलं, मला मातीचं विचार. तरी तो बराच वेळ फाटकाला धरून उभा होता.

त्याच आठवड्यात आम्ही आळं खोल खणून सगळी पांढरी माती काढली. गिरणीच्या बागेतला कुजलेला पाला, शेणखत आणि वहिनींच्या पोत्यातली उरलेली माती मिसळून भरली. मोठ्याबाईंनी अनंताभोवतीची रांगोळी बंद केली. दारातली आणि तुळशीपुढची मात्र चालू. ती दुसऱ्या दिवशी गोळा होऊन गावच्या तलावात जायची. त्यांनी मला विचारलं होतं की तलावाचं तर काही बिघडत नाही ना. म्हटलं, तलावाला लोहाची गरज नाही. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

झाडाला वेळ लागला. पण हिवाळ्यात फूट हिरवी आली ती हिरवीच राहिली, हिराकस न शिंपडता.

एकदा काही कामानं मी तिकडं गेलो होतो तेव्हा दादासाहेब मला म्हणाले, बसा. मी बसलो. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “मास्तर, माझ्यासमोर रोज माणसं खोटं बोलतात. आईला जमत नाही.” मग झाडाकडं बोट करून म्हणाले, “तो माळी रोज तिच्या पायाशी काहीतरी घालत होता म्हणे. चुकीचं का होईना. मी त्या झाडाला एक तांब्या पाणी घातलं नाही कधी.” एवढं बोलून त्यांनी कागद पुढं ओढले. म्हणजे मी उठायचं. उठलो.

त्या उन्हाळ्यात अनंत फुलला. पांढरा, भरगच्च, बंगल्याच्या बाहेरच्या रस्त्यावर वास येत होता. मोठ्याबाईंनी माझ्या बायकोसाठी पानात बांधून फुलं पाठवली, आणि आयुष्यात एकदा तरी मी घरी बऱ्या वासासकट आलो.

त्यानंतर जेव्हा-जेव्हा तिकडून गेलो तेव्हा बघावं तर दादासाहेब स्वतः झाडाला पाणी घालताहेत. सकाळी, कोर्टाआधी, धोतर खोचून. एक घागर, मग दुसरी. कधी तिसरी. मोजदाद नाही, माती बघणं नाही. पिंपातलं पाणी पुरेना तेव्हा कुठून-कुठून पावसाचं धरलेलं पाणी आणवायचे. आणि घालताना ओठ हलायचे. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, आणि मी जवळही गेलो नाही.

मला मात्र धास्ती पडली. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हंडाच असतो. आत पाणी कोंडतं. अनंताच्या मुळांना ओल लागते, पण साचलेलं पाणी चालत नाही; मुळं कुजतात. इतकं पाणी घातल्यावर झाड महिन्याभरात बसायला हवं होतं. आणि ते तर उलट तरारून उभं होतं, नव्या कळ्या धरून. माझं शिक्षण काय, अनुभव काय, सगळं खोटं पडायची वेळ आली.

एका रविवारी मी धर्माण्णाला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, साहेबांना पाण्याचं कुणी सांगितलं नाही का? तो म्हणाला, कोन सांगनार? तुमी सांगता? मी विचार केला. आणि म्हटलं, नाही.

“मग हे झाड कुजत कसं नाही?”

धर्माण्णानं आधी बंगल्याकडं बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब कोर्टात गेले की मी तांब्यानं उपसून काढतो की.”

“सगळं?”

“सगळं न्हाय,” तो म्हणाला. “जरा ठेवतो. त्येंनी घातलेलं हाय.”